शिगेचा एक

माझ्या सासूबाईंचा एक नियम होता, आणि तो त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवला. तिन्हीसांजेला घरच्या सुनेनं उंबऱ्याच्या आत असावं. बाहेरची लक्ष्मी आत यायची ती वेळ. नेमकी तेव्हाच घरातली बाहेर पडली तर आलेलीनं बघायचं कुणाकडे? म्हणाल्या हसत, पण पंचवटीतल्या आमच्या गल्लीत सासूनं हसून सांगितलेलं आणि रागावून सांगितलेलं यांत फारसा फरक नसे.

माझी अडचण अशी, की मला जे बघायचं होतं ते तिन्हीसांजेलाच यायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न झालं. त्याआधी कॉलेजात असताना आमचे प्राणिशास्त्राचे सर आम्हा मुलामुलींना दसऱ्याच्या सुमारास सिन्नर रस्त्याकडच्या एका माळावर न्यायचे. पावसाळा सरला की उत्तरेकडून, पार हिमालयापलीकडून, भोवत्या येतात. भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, घारीच्या गोतातला, पण अंगानं सडपातळ आणि शेपटीला लांब. मादी तपकिरी, नर फिकट राखाडी. दिवसभर हे पक्षी शेतांवरून, गवतावरून अगदी खालून तरंगत उंदीर, टोळ शोधत फिरतात. संध्याकाळी मात्र दाही दिशांना पांगलेले सगळे एकाच माळावर गोळा होतात, वर घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता एकेक करून गवतात उतरतात. झाडावर नाही, जमिनीवर. तिथेच झोपतात. त्यांना मोजायचं ते उतरताना. उजेड असेपर्यंत ते बसत नाहीत आणि अंधार झाला की दिसत नाहीत, तेव्हा मधला जो थोडा वेळ मिळेल तेवढाच आपला.

सरांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी हे काम माझ्यावर टाकलं. दसरा ते दिवाळी, जमेल तितक्या संध्याकाळी जायचं आणि मोजायचं. खंड पाडू नकोस, एवढंच म्हणाले. एका वर्षाच्या मोजणीतून काही कळत नाही. वर्षानुवर्षं मोजलं तर कळतं, पाखरं वाढतायत की कमी होतायत. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर शास्त्र मागाहून, मला तिथे जायलाच फार आवडायचं. सकाळची मुलींची शाळा, तिथे विज्ञान शिकवायचं, मग घर, मग उद्याच्या भाजीचा विचार. या सगळ्यात माझं म्हणून जगात तेवढा एक माळ होता, आणि लग्न झालं म्हणून तो सोडायला मी तयार नव्हते.

यांना विचारलं, तर हे म्हणाले आईला विचार. कारखान्यात दुसरी पाळी असणाऱ्या माणसाला घरातलं काहीही न दिसण्याची मुभा असते, आणि यांनी ती पुरेपूर वापरली. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या घारीच बघायच्या असतील तर रामकुंडावर बघ की, दिवसाढवळ्या ढिगानं आहेत. झालं. मी मूळची तिरसट. तोंडानं काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भांडी बोलायला लागली. पातेलं ठेवायचं ते आपटून, डाव टाकायचा तो लांबून. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायला लागली, काय हो, कल्हईवाला आलाय का.

माझे सासरे मापाडी होते. म्हणजे धान्याच्या पेठेत पायलीनं धान्य मोजून देणारे. शेतकऱ्याचं पोतं मोकळं व्हायचं, एका अंगाला व्यापारी, एका अंगाला शेतकरी, आणि मधे हे मांडी घालून माप भरायचे. पुढे पेठेत काटे आले, किलो आले, आणि पायली माळ्यावर गेली. काट्यावर उभं राहायचं काम त्यांना देऊ केलं होतं, पण त्यात त्यांचा जीव रमेना. ते घरी बसले. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले विचारायचे. वेळ कळून त्यांना कुठे जायचं नव्हतं. सासूबाईंना त्यांचं ते बसणं बघवत नसे.

भांड्यांचा आवाज ऐकून ऐकून एक दिवस ते सासूबाईंना म्हणाले, त्यांचं सिन्नरकडे जरा काम आहे, संध्याकाळची वेळ, डोळ्यांना नीट दिसत नाही, सूनबाई आली तर सोबत होईल. सिन्नरकडे त्यांचं कसलंही काम नव्हतं आणि डोळे घारीसारखे होते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण सासऱ्याबरोबर गेलेली सून भटकायला गेली असं म्हणायची सोय नाही. त्या दिवशी देवापाशी दिवा सासूबाईंनी लावला, आणि आम्ही परत आल्यावर ते मला तीनदा सांगितलं.

मला दुसरं माणूस हवंच होतं. माळाच्या मधोमध एक चढ होता, त्यामुळे एका जागी बसून दोन्ही बाजू दिसायच्या नाहीत. एकानं अलीकडे, एकानं पलीकडे, आणि शेवटी बेरीज. मामंजींना मी पलीकडच्या खडकावर बसवलं आणि समजावलं. झाडावर जाते ती घार, ती सोडायची. गवतात बसतो तो आपला. बसलेला पुन्हा उठला तर एक वजा. त्यांनी सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि वजा करायला साफ नकार दिला. म्हणाले, एकदा पोत्यात पडलेलं पुन्हा मापात येत नाय. शेवटी असं ठरलं की घटकाभर थांबून, पक्का बसलेला तेवढाच मोजायचा.

वाऱ्यावर त्यांचा आवाज मला अलीकडे ऐकू यायचा. पहिला भोवत्या उतरला आणि ते म्हणाले, "लाभ." मग दोन, मग तीन. पेठेत पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सुरुवात लाभानं झाली की पुढचं बरकतीचं. तो त्यांचा पेठेतला आवाज होता, लांबवून म्हटलेला, ठेका धरलेला. घरात हा माणूस पाणी मागताना दोनदा विचार करायचा, आणि इथे उघड्या माळावर असा खणखणीत. मी माझ्या बाजूची मोजणीच विसरले त्या संध्याकाळी.

मग आमचं रोजचंच झालं. दुपारी चहा झाला की मामंजी टोपी घालून ओट्यावर तयार. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, बाजरीच्या शेतांच्या कडेनं चालत माळ गाठायचा. परत येईतो माझ्या लुगड्याच्या घोळात आणि त्यांच्या धोतरात ही कुसळं. ती काढत काढत आम्ही बसमध्ये बेरीज करायचो. गल्लीत चर्चा झालीच. सून सासऱ्याला घारी दाखवायला नेते म्हणे. मामंजींनी एकीला सरळ सांगून टाकलं की ती नेत नाय, मी नेतो. आणि ओट्यावर बसून वेळ विचारणं बंद झालं, कारण आता त्यांना खरोखरच बस गाठायची असायची.

त्यांना पक्ष्यांचं नाव, कूळ यांत काही रस नव्हता. त्यांना काळजी होती ती वेगळीच. एवढ्या लांबून आलेली पाखरं उघड्यावर भुईवर निजतात, आणि माळावर कोल्ही आहेत. पहिल्या वर्षी ते मला रोज विचारायचे की ही झाडावर का नाय जात. मी शिकवल्यासारखं उत्तर द्यायची. त्यांचं समाधान व्हायचं नाही. मोजणी संपल्यावरही ते जरा वेळ खडकावर थांबायचे आणि काठी आपटायचे, कोल्हं असेल तर पळावं म्हणून. मी घाई करायची, बस चुकेल म्हणायची. ते म्हणायचे, चुकू दे, एकदा राखणीला बसलो की अर्ध्यात उठत नाय.

अशी दोन वर्षं गेली. दिवाळीचा फराळ घेऊन सरांकडे गेले की मी आकडे सांगायची. दुसऱ्या वर्षी सर खूश झाले, त्यांच्या जुन्या आकड्यांपेक्षा थोडी वाढ दिसतेय म्हणाले. मीही फुशारले.

तिसऱ्या वर्षी गंमत झाली. मामंजींच्या बाजूचं गवत गावकऱ्यांनी कापून नेलं. तिकडे नुसते खुंट उरले, तेव्हा पाखरं झाडून सगळी माझ्याकडे उतरली. एकसुद्धा त्या बाजूला गेलं नाही. आडोसा उरला नव्हता, तेव्हा मी अधूनमधून चढावर जाऊन तिकडेही बघत होते, मला स्वच्छ दिसत होतं. अंधार पडला, आम्ही फाट्यावर आलो आणि मी सवयीनं विचारलं, तुमचे किती?

"लाभ," मामंजी म्हणाले.

मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे एकही उतरला नाही. ते म्हणाले नाय उतरला. मग हा एक कुठला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत शिकवते म्हणजे नक्की काय करते याची त्यांना शंका आली होती.

"तो शिगेचा," ते म्हणाले.

ज्यांनी पायली पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. माप काठोकाठ भरलं तरी ते पुरं होत नाही. वर धान्याचा उभा ढीग राहायला हवा, तो निसटून खाली पडायला लागेपर्यंत. ती शीग. चांगला मापाडी शीग हातानं पाडत नाही, वर आणखी मूठभर सोडतो. घेणाऱ्याला वाटायला हवं की आपल्याला भरून मिळालं. मामंजी रोज शेवटी एक पक्षी वर सोडत होते. पहिल्या दिवसापासून. रोज.

सरांची ती वाढ आठवली. दोन वर्षं मी मिरवत होते ती सगळी मामंजींची शीग! बस आली, आम्ही चढलो, गाडी भरलेली, आणि माझी जीभ काही आवरेना. मी म्हटलं मामंजी, हे असं चालणार नाही. ते म्हणाले एकानं काय होतं. आणि मी सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे खोटं माप झालं."

कंडक्टरसुद्धा थांबला. मापाड्याला दुसरी कुठलीही शिवी चालली असती. मामंजींचा चेहरा उतरला. त्यांनी समोरच्या बाकाची दांडी धरली. मग हळू म्हणाले:

"कमी दिलं तर खोटं. जास्त दिलेलं खोटं कसं, सूनबाई?"

मी सांगायचा प्रयत्न केला, की आपण कुणाला देत नाही आहोत, आपण नुसतं बघतोय ते किती आलेत. उद्या ते खरंच कमी झाले तर ते आपल्याला कळायला नको का? तुमच्या शिगेखाली ते झाकून जाईल. त्यांनी नाशिक येईपर्यंत धोतराची कुसळंही काढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहा झाला आणि मामंजी टोपी न घालता ओट्यावर जाऊन बसले. माझं जाणं बंद. एकटीनं जायची परवानगी नव्हतीच. जी होती ती सगळी मामंजींच्या टोपीवर उभी होती आणि ती टोपी मी माझ्या हातानं खुंटीवर चढवली होती. सासूबाईंनी कारण काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. पण त्या माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, एक घार जास्त झाली तर तुझ्या बापाचं काय जातंय? माणूस चार वर्षांनी हसायला लागला होता गं.

माफी मागितली असती तर एका मिनिटात सगळं मिटलं असतं. घ्या तुमची शीग, चला माळावर. मला जायचं होतं, फार जायचं होतं. संध्याकाळी दिव्यात वात घालताना डोळ्यांसमोर माळ यायचा आणि रडू फुटायचं. पण तिथे जाऊन खोटा आकडा आणायचा तर जायचं तरी कशाला? बोलले त्याबद्दल माफी मागितली. बसमध्ये, चार लोकांत बोलायला नको होतं. आकड्याबद्दल मागितली नाही. मामंजींनी नुसतं हं म्हटलं आणि रस्त्यावरच्या माणसाला किती वाजले विचारलं.

दिवाळी जवळ आली. अशाच एका दुपारी मी शाळेतून येते तो मामंजी टोपी घालून उभे. बस जाईल, म्हणाले. माळावर गवत पुन्हा जरा वर आलं होतं. ते आपले खडकावर, मी अलीकडे. लाभ, दोन, तीन... अंधार पडल्यावर आम्ही फाट्याकडे निघालो. मी विचारायला घाबरत होते. तेच बोलले.

"बारा. आणि शिगेचा एक. तो तू मोजू नको. पण मी म्हणणार."

मला इतकं हलकं वाटलं, की मी रस्त्यातच त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना काही कळेना. दिवाळीला सरांना मी खरं काय ते सांगितलं. दर संध्याकाळचा एक वजा करून आकडे लावून दिले. सर हसून हसून बेजार झाले आणि मग म्हणाले, तुझ्या सासऱ्यांना एकदा घेऊन ये. मामंजी गेले नाहीत. ज्यानं वजाबाकी करून घेतली त्याच्या घरी चहा प्यायचा नाही असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

पुढची सगळी वर्षं हा करार पाळला गेला. आकडा आणि मग शिगेचा एक. एकदा तर त्यांनी तो म्हटला आणि अगदी काळोखात, कुठून कोण जाणे, एक उशिरा आलेला भोवत्या आमच्या डोक्यावरून जाऊन गवतात उतरला. मामंजी तंबाखूची डबी काढून सावकाश, फार सावकाश मळत राहिले. तो मात्र मी मोजला.

यांना आश्चर्य वाटायचं, की ज्या बापाशी यांचं उभ्या जन्मात चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नाही तो माझ्याशी रोज एवढं काय बोलतो. काही नाही. बारा की तेरा, एवढंच.

चौऱ्याऐंशीच्या की पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात मामंजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही, दवाखाना नाही. दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, पाऊस थांबला. आणि दसरा आला.

मी जायचं नाही असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. कुणी सोबतीला नव्हतं, यांची पाळी तीच होती. आणि सोबत असती तरी कुठल्या तोंडानं विचारणार होते? घरात दुःख, सासूबाई दिवसभर मधल्या खोलीत खांबाला टेकून बसलेल्या. मी शहाण्या सुनेसारखी घरी राहिले. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला, त्यांना नमस्कार केला, भाजी चिरायला घेतली. सर म्हणाले होते खंड पाडू नकोस. पडला तर पडला, म्हटलं. मनातून मात्र रोज त्या वेळी मी माळावरच असायची, आणि हातातली सुरी थांबायची.

अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. एक दिवस चहा झाल्यावर सासूबाईंनी खोलीतूनच विचारलं, की यंदा तुझ्या घारी आल्या नाहीत का. मी म्हटलं आल्या असतील. मग जात का नाहीस? मला वाटलं टोमणाच आहे. मी म्हटलं, तिन्हीसांजेला तुम्हाला एकटीला टाकून कशी जाऊ, आई?

त्या उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चिडल्या होत्या. डोळे भरलेले, आणि आवाज मात्र नेहमीचा, रागावण्याचा.

"तू या वेळेला घरात दिसलीस ना, की मला कळतं, ते गेले. तू गेलीस तर मला वाटेल, दोघं गेलेत माळावर. येतील आठच्या गाडीनं. तेवढा वेळ तरी मला मिळू दे की गं."

मी पदर खोचला आणि निघाले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून फाट्यापर्यंत रडले. माळावर एकटीनं जमेल तेवढे मोजले. परत फाट्यावर आले तर आठला नाशकात पोचणारी गाडी समोरच उभी होती, कंडक्टर ओळखीचा, चला बाई म्हणाला. मी त्याला पुढे जा म्हटलं. आणि पुढच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिले.